कॅलिफोर्नियातली इन्यो काउंटी आकाराने एवढी मोठी, मग तिथे वस्ती इतकी तुरळक का?

वाळवंट आहे म्हणून, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे.

इन्यो काउंटी क्षेत्रफळाने आपल्या नगर जिल्ह्याच्या दीडपट भरते आणि 2020 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती 19,016. पश्चिमेला सिएरा नेवाडाची रांग आहे. तिच्यातलं माउंट व्हिटनी (4,421 मीटर) हे अलास्का वगळता अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर. पूर्वेला डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली. दोन्ही एकाच काउंटीत! पॅसिफिककडून येणारे ढग सिएराच्या पलीकडेच रिते होतात, त्यामुळे इन्यो पर्जन्यछायेत येते. पण डोंगरावरचा बर्फ उन्हाळ्यात वितळून अलीकडच्या ओवेन्स व्हॅलीत उतरतो. म्हणजे पाऊस नसला तरी या खोऱ्यात पाणी होतं, नदी होती, मोठं तळंही होतं.

गोरे यायच्या आधीपासून पाययूट हे मूलनिवासी लोक पाट खणून इथलं पाणी खेळवत होते. 1860 च्या दशकात गुरं घेऊन वसाहतवाले आले, चकमकी झाल्या आणि 1863 मध्ये नऊशेहून जास्त पाययूटांना सैन्याने खोऱ्याबाहेर हाकललं. काउंटी स्थापन झाली ती 1866 साली. सेरो गोर्डोच्या खाणीतली चांदी तेव्हा खेचरांच्या गाड्यांतून लॉस एंजेलिसला जायची, आणि ते शहर त्या व्यापारावर चांगलंच पोसलं गेलं.

मग शहराला तहान लागली. 1905 च्या सुमारास माजी महापौर फ्रेड ईटन खोऱ्यात फिरून पाण्याच्या हक्कांसकट जमिनी घेऊ लागला. केंद्र सरकारची सिंचन योजना येतेय, अशी बऱ्याच शेतकऱ्यांची समजूत होती, आणि ती दूर करायची ईटनला काही घाई नव्हती. 1913 मध्ये शहराच्या पाणी खात्याचा मुख्य अभियंता विल्यम मुलहोलँडने बांधलेला कालवा सुरू झाला. 375 किलोमीटर लांब आणि एकही पंप नाही, सगळं पाणी उतारावरून जातं. अभियांत्रिकी म्हणून त्याला दाद द्यावीच लागते. पण 1920 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ओवेन्स तळं कोरडं पडलं. चिडलेल्या लोकांनी 1924 मध्ये कालव्याचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी परत नदीच्या पात्रात सोडलं, पुढे सुरुंगही लावले. लढ्याचं कंबरडं मात्र पोलिसांनी मोडलं नाही. पुढारी असलेल्या वॉटरसन बंधूंची बँकच 1927 मध्ये बुडाली, अफरातफरीबद्दल दोघे तुरुंगात गेले आणि लोकांची आयुष्यभराची पुंजीही गेली.

याच खोऱ्यातल्या मॅन्झनारला मी हटकून थांबतो. मुळात हे फळबागांचं गाव. शहराने जमिनी घेतल्या, गाव उठलं, झाडं तेवढी उरली. 1942 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी सरकारने तिथेच काटेरी तारा ठोकून दहा हजारांवर जपानी वंशाच्या लोकांना डांबलं, त्यातले बहुतेक अमेरिकेचे नागरिक. त्या कैद्यांनी वठत चाललेल्या नासपतींची छाटणी केली, त्यांना पाणी घातलं. त्यातली काही झाडं अजून उभी आहेत, खोडं पोकळ आणि वाकडीतिकडी, पण जिवंत.

आता तुमच्या प्रश्नाकडे. काउंटीची बहुतेक जमीन केंद्र सरकारची. खोऱ्यातली राहण्याजोगी सपाट जमीन मुख्यतः लॉस एंजेलिसच्या पाणी आणि वीज खात्याची, सुमारे अडीच लाख एकर. खासगी मालकीची उरते दोनेक टक्के. घर बांधायला प्लॉटच नसेल तर माणूस राहणार कुठे? बिशप सोडलं तर दुसरी नगरपालिका नाही. मुख्यालय इंडिपेंडन्स हे तर खेडंच. काही स्थानिक म्हणतात, शहराने जमीन अडवली म्हणून तरी खोरं बिल्डरांपासून वाचलं. मला हे पटतं, पण थोडंसंच.

कोरड्या तळ्याची खारट धूळ इतकी उडायची की ती बसवायला शहराला अब्जावधी डॉलर खर्चावे लागले. खटले चालले, आणि 2006 च्या डिसेंबरात शहराने कालवा सुरू होतो तिथून खालच्या, नदीच्या कोरड्या पात्रात सुमारे 100 किलोमीटरपर्यंत थोडं पाणी पुन्हा सोडलं. तळ्याच्या तोंडाशी मात्र पंप बसवलेत, उरलेलं पाणी परत उचलायला.