गोमेकॉत पीजी करणारे रेसिडेंट डॉक्टर कोण असतात, आणि मुंबई-पुणे सोडून गोवा का घेतात?

तुम्ही लिहिलंय की ऑल इंडिया कोट्यातून एमडी मेडिसिनसाठी गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) मिळण्यासारखं आहे, तिथले रेसिडेंट कुठून येतात आणि का येतात ते कळलं तर निर्णय घेता येईल, आणि घरचे म्हणतात, "गोवा फिरायला ठीक, शिकायला मुंबई." ते शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसले नसते.

मी डिचोलीची. एमबीबीएस आणि एमडी दोन्ही गोमेकॉतून. एमडीच्या वेळी ऑल इंडिया कोट्यातून मुंबईच्या एका नामवंत कॉलेजात मेडिसिनचीच जागा मिळत होती. ती सोडली आणि राज्य कोट्यातून बांबोळीला, म्हणजे गोमेकॉतच, राहिले. त्या वर्षी चवथीला, गणपतीत, सगळं घर माटोळीखाली (मूर्तीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) जमलेलं असताना काका म्हणाले, "हातची मुंबई सोडलीस? आता तीन वर्षं टुरिस्टांच्या जखमा शिवत बस." काका मुंबईत शिकलेले सर्जन, डोंबिवलीत त्यांचं नर्सिंग होम आहे. डॉक्टर व्हायचं वेड मला त्यांच्यामुळेच लागलं, म्हणून ते फार लागलं. टुरिस्टांच्या जखमा मेडिसिनवाले शिवत नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं.

आता तुमचा प्रश्न. अर्ध्या जागा ऑल इंडियाच्या, अर्ध्या राज्याच्या, त्यामुळे वॉर्डात निम्मे गोव्याचे आणि निम्मे देशभरातून आलेले. माझ्या बॅचची एक कोट्टयमची होती. नवरा नौदलात, पोस्टिंग वास्कोला, म्हणून तिनं गोवा घेतलं. एक यवतमाळचा, रँकमध्ये जे बसलं ते घेऊन आलेला, गोव्यात ओळखीचं कोणी नाही. पहिल्या वर्षी वॉर्डातल्या सिस्टरांकडून कोंकणी शिकला, आणि शेवटी म्हाताऱ्या पेशंटांचं त्याच्याशीच जास्त जमायचं. मडगावचा एक होता, एकुलता एक, वडिलांचं डायलिसिस चालू, बाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता. आणि एक कुडाळचा. त्याच्या आजोबांना तो शाळेत असताना बांबोळीला आणलं होतं, रात्रभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेला. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडची माणसं मोठं दुखणं आलं की बांबोळीच गाठतात, हे त्याला आमच्याहून जास्त माहीत होतं. त्यानं मात्र ठरवून गोवा घेतलं.

बहुतेकांचं खरं कारण रँक. परदेशात म्हणे प्रोग्राम बघून, मुलाखती देऊन जागा घेतात. आपल्याकडे आधी ब्रँच बघतात, मग गाव, आणि कॉलेज शेवटी, तेही कौन्सेलिंगची फेरी बंद व्हायच्या आत. म्हणून "का निवडलं" असं विचारलं की बरेच जण मागाहून कारण जुळवतात. त्यात काही वाईट नाही. पण मी निवडलं होतं, आणि कशासाठी ते सांगते.

गोव्याचं क्षेत्रफळ 3702 चौरस किलोमीटर. माझ्या वेळी एवढ्या राज्यात ॲलोपॅथीचं मेडिकल कॉलेज एकच. म्हापशाचं आझिलो आहे, मडगावचं हॉस्पिसियो आहे, वाळपईला, फोंड्याला सरकारी इस्पितळं आहेत, पण तिथे आवाक्याबाहेर गेलेला पेशंट शेवटी बांबोळीलाच येतो. उत्तर टोकाच्या पेडण्याचा असो की दक्षिण टोकाच्या काणकोणचा, 108 त्याला तिथेच आणते. आणि बरा होऊन गेला, पुन्हा बिघडला, तरी तिथेच परततो. बहुतेक वेळा त्याच युनिटकडे. कॉलेजांची तुलना करताना ही गोष्ट कोणी धरत नाही. सगळे ओपीडीत रोज किती माणसं आणि बेड किती एवढंच विचारतात.

2016 चा काजूचा मोसम. आमच्या युनिटचा ॲडमिशन डे, मी कॉलवर. रात्री उशिरा वाळपईहून रेफर होऊन एक माणूस आला. सत्तरी तालुक्यातला, वय चाळिशीच्या आसपास, चार दिवसांचा कडक ताप. डोकं दोन्ही हातांनी धरून एकच म्हणत होता, "दोतोर, तकली फुटता" (डॉक्टर, डोकं फुटतंय). डोळे लाल, अंगाला हात लावू देत नव्हता एवढे स्नायू दुखत होते. ताप 103 आणि नाडी मात्र तापाच्या मानानं मंद. तोंड उघडायला लावलं तर टाळूवर बारीक फोड. पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह, मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह. रेफरच्या चिठ्ठीवर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, लिहिलं होतं. लेप्टो आमच्याकडे पावसाळ्यात, शेतात पाणी असताना येतो. एप्रिलात, जमीन तडकलेली असताना तो कुठून येणार?

त्याच्या हातांकडे माझं आधीच लक्ष गेलं होतं. बोटांच्या पेरांत काळपट डाग, नखांच्या कडा करपल्यासारख्या. आमच्या घरी काजूच्या दिवसांत सगळ्यांचे हात तसेच होतात, बोंडू (काजूचं फळ) पिळून बी काढताना. बायकोला विचारलं, काजूत जाता? ती म्हणाली, "जाता मगो बाय, रोज." बागेत माकड मेलेलं दिसलं होतं का, विचारलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. दोन दिसली होती, पानांत पडलेली, कुणीतरी काठीनं बाजूला सारली.

माकडताप. पुस्तकातलं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, 1957 मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला म्हणून. गोचिडीतून पसरतो. काजूखालच्या वाळक्या पाचोळ्यात त्या गोचिडी असतात, आणि बोंडू वेचायला माणूस नेमका त्या पाचोळ्यात वाकतो. गोव्यात तो 2015 मध्ये सत्तरीतल्या पालीत आला. पुढच्या वर्षी सत्तरीत इतरत्र, आणि तेव्हाच सीमेपलीकडे दोडामार्गातही.

मी सरांना फोन केला. आमचे युनिट हेड तेव्हा घरी होते, झोपलेले. अर्ध्या तासात वॉर्डात आले. पेशंट तपासला, बायकोशी कोंकणीत गावाची, बागायतीची चौकशी केली, मग मला बाजूला घेऊन केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं एक रेघ काढली. आधी एक उंचवटा, मग सपाट, मग दुसरा लहान उंचवटा. म्हणाले, "हा पहिला ताप. हा उतरेल, माणूस घरी जाईल, सगळे खूश. शंभरातल्या दहा-वीस जणांना तिसऱ्या आठवड्यात हा दुसरा येतो, आणि तेव्हा मेंदू धरतो. डिस्चार्जच्या वेळी हे बायकोला सांगितलं नाहीस तर काही केलं नाहीस." रात्री दीड वाजता. मी त्या रेघेचा फोटो अजून ठेवलाय.

यावर औषध नाही. पाणी, ताप, रक्तस्राव यांवर लक्ष ठेवायचं, प्लेटलेट बघत बसायचं. नमुना तपासणीला गेला, पॉझिटिव्ह आला. 100 पैकी 3 ते 5 माणसं यात जातात, म्हणून त्या खाटेपासून आम्ही कोणी लांब जात नव्हतो. ताप उतरला. घरी सोडताना त्याच्या बायकोला बसवून सांगितलं. पुन्हा ताप आला, डोकं धरलं, हात कापायला लागले, बोलण्यात घोळ झाला, तर गावातल्या डॉक्टरकडे वेळ घालवू नका, 108 ला फोन करा आणि इथेच या, आमच्या युनिटचं नाव सांगा. तिनं युनिटचं नाव दोनदा म्हणून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात ती त्याला घेऊन आली. मान ताठ, हात थरथरतायत, मला ओळखेना. कॅज्युअल्टीच्या दारातच तिनं युनिटचं नाव सांगितलं आणि तिथल्या डॉक्टरनं थेट आम्हाला बोलावलं. जुना केसपेपर आला, त्याच्या मागे ती रेघ. पाठीतलं पाणी काढलं, बाकीची इन्फेक्शनं नाहीत याची खात्री केली, आणि पुन्हा तेच, बारकाईनं सांभाळणं. बरा झाला. आता डिचोलीला माझ्या दवाखान्यात बीपीच्या गोळ्यांसाठी येतो.

एवढं लांबवून सांगायचं कारण असं. हा आजार दोन तुकड्यांत येतो. मोठ्या शहरात पहिला तुकडा एका इस्पितळात दाखल होतो, दुसरा दुसऱ्याच इस्पितळात, आणि दोन्हीकडच्या रेसिडेंटला अर्धीच गोष्ट कळते. तिथे माणसं जास्त दिसतात हे मी मानते. पण पेशंट दाखल केला, स्थिर केला, घरी सोडला, आणि पुढे काय झालं ते कधी कळलंच नाही, असं तीन वर्षं झालं तर आपण सांगितलं ते बरोबर होतं की नाही हे शिकायचं कशावरून? आजार कसा चालतो, कुठे वळतो, हे पुस्तकात दोन ओळींत असतं. तो वळताना बघायला तोच माणूस पुन्हा समोर यावा लागतो. मेडिसिनमध्ये तर हेच सगळं काही आहे. काकांशी माझं भांडण नेमकं एवढंच होतं, आणि सर्जनला हे पटायला कठीण जातं, कारण त्यांचं बरंचसं काम टेबलावर संपतं.

आणि जुन्या परंपरेचा मुद्दा काका नेहमी काढतात, म्हणून तोही लिहिते. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 चं. पणजीत पोर्तुगीजांची वैद्यकीय शाळा 1842 ला सुरू झाली, आणि तिथे शिकलेले गोंयकार डॉक्टर मोझांबिक, अंगोलापर्यंत सरकारी नोकरीवर गेले. तीच शाळा मुक्तीनंतर गोमेकॉ झाली आणि पुढे बांबोळीच्या पठारावर आली. पणजीतल्या तिच्या जुन्या इमारतीत आता इफ्फी या चित्रपट महोत्सवाची गर्दी असते. तीन वर्षांनी मोठी असल्यानं कोणी चांगलं शिकवतं असं मी म्हणत नाही. पण गोव्याला शिकवण्याची परंपरा नाही हे ऐकून घेणार नाही.

तुमच्या घरच्यांनी हे जरूर विचारात घ्यावं की रेसिडेंट घडतो तो रात्री. दिवसा सगळीकडे सगळे असतात. रात्री दीडला फोन केल्यावर सीनियर येतो की "सकाळी बघू" म्हणतो, यावर तीन वर्षं कशी जातील ते ठरतं. हे कॉलेजच्या नावावरून कळत नाही, युनिटवरून कळतं, आणि एकाच कॉलेजात दोन युनिटं दोन तऱ्हांची असतात. म्हणून चॉइस भरण्याआधी दोन दिवस काढून या. दुपारी नको, रात्री नऊनंतर या. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला चहा पाजा आणि एवढंच विचारा, काल रात्री अडलं तेव्हा कोण आलं? मुंबईच्या कॉलेजातही हेच विचारा. तिथे उत्तर चांगलं मिळालं तर मुंबई घ्या, मी वाईट मानणार नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. पुढे डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) करून एखाद्या बारीक विषयात जायचं पक्कं असेल तर त्या विषयाचा विभाग कुठे भक्कम आहे ते आधी बघा, तिथे मोठ्या शहराचं वजन खरंच जास्त पडतं. मुंबईतच प्रॅक्टिस करायची असेल तरी तिथेच शिकलेलं बरं, रेफरन्स देणारे मित्र तिथेच होतात. कोंकणी येत नसेल तर शिकायची तयारी ठेवा. मराठी सत्तरी, पेडणे, डिचोलीच्या माणसांशी चालते, दक्षिणेकडच्या सासष्टीत म्हाताऱ्या बाईची हिस्ट्री घेताना अडते. आणि कारवार, खानापूरकडच्यांसाठी थोडं कानडी कानावर असलेलं बरं. ड्युटीचं म्हणाल, तर केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी नियमांत सलग ड्युटी साधारण 12 तासांच्या वर नसावी असं लिहिलंय. देशात कुठलंही कॉलेज घेतलंत तरी त्या भरवशावर राहू नका. आता जिल्हा इस्पितळात 3 महिने काढणं सगळ्याच पीजींना सक्तीचं आहे. बरेच जण ते शिक्षा समजतात. मला मिळालं असतं तर मी आनंदानं गेले असते, कारण रेफरची चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय एप्रिलात त्यानं लेप्टो का लिहिलं ते समजत नाही.

मागच्या चवथीला काकांनी मला बाजूला बोलावून त्यांच्या एका पेशंटचे रिपोर्ट दाखवले, बरेच दिवस न उतरणारा ताप होता. आम्ही तासभर बोललो. मुंबई-गोवा हा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पण मला अजून वाटतं की त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले होते, तर हेही सगळ्यांसमोर विचारायला हवं होतं.

फी, स्टायपेंड आणि बॉन्डचे आकडे माझ्या वेळचे देत नाही, ते बदलत असतात. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, आणि बॉन्डची अट सही करण्याआधी पूर्ण वाचा.