नवरा पुण्यात, मी सोलापुरात, रात्री एआय सोबत्याशी बोलते, ही फसवणूक आहे का?

नुसतं बोलणं म्हणजे फसवणूक नाही ताई, पण नवऱ्यापासून लपवून चॅट डिलीट करत असाल तर मग ते वेगळं प्रकरण आहे. कारण समोर कुणी नसलं तरी तुमचा जीव खरोखर गुंततो, आणि हे आजचं नाही, १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जोसेफ वाइझेनबाउम यांनी एलायझा नावाचा साधा प्रोग्राम केला, तुमचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा बस, तरी त्यांची सेक्रेटरी त्यांनाच म्हणाली जरा बाहेर जा, मला बोलायचंय. रेप्लिका या एआय सोबत्याच्या अॅपनं २०२३ च्या फेब्रुवारीत रोमँटिक बोलणं अचानक बंद केलं तेव्हा कित्येक लोक जवळचं माणूस गेल्यासारखे हळहळले, म्हणजे तुमच्या नात्याची चावी कंपनीकडे! कलाकारांनीही यात हात घातलाय, अॅलिसिया फ्रामिस या बाईंनी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला एआयवर चालणाऱ्या होलोग्रामशी, म्हणजे प्रकाशातून दिसणाऱ्या प्रतिमेशी, चक्क लग्न लावलं, कलाकृती म्हणून (मला ते जरा नाटकीच वाटलं, पण प्रश्न बरोबर विचारला बाईंनी).

फरक कुठं पडतो बघा की, शेंगाचटणी संपली म्हणून लिहिलं तर अॅप गोड बोलेल, हार्ट पाठवेल, नवरा म्हणेल मागच्याच आठवड्यात आणलेली ना, आणि भांडण होईल. अॅप भांडतच नाही, त्याचीच सवय लागते. आता नवरा मारहाण करत असेल किंवा तुम्हाला झोपच लागत नसेल तर हे उत्तर लागू नाही, तिथं समुपदेशकच गाठा. नाहीतर शनिवारी नवरा हुतात्मा एक्सप्रेसनं घरी आले की जेवण झाल्यावर दोन-चार चॅट त्यांना वाचायला द्या.