सासूबाईंच्या खाटेपाशी गेलेला वेळ हिशेबात कुठे बसतो?

«ताई, सलाम. मी 34 वर्षांची, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात राहते. मिस्टर कुवेतला असतात, दोन मुलं शाळेत जातात. अडीच वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायू झाला. तेव्हापासून त्यांचं अंग पुसणं, भरवणं, कपडे बदलणं सगळं माझ्याकडे. नणंद गावातच आहे, पण ती ईदेला येते तेवढीच. लग्नाआधी मी रोज कुराणाचा एक पारा (तिसावा भाग) वाचायचे. आता पहाटेची फजरची नमाज सुटते. रात्री सगळे झोपले की मोबाइल घेऊन बसते आणि एक कधी वाजतो कळत नाही. मागच्या महिन्यात एक बयान (धार्मिक प्रवचन) ऐकलं, की कयामतच्या दिवशी क्षणाक्षणाचा हिशेब द्यावा लागणार. तेव्हापासून छातीत सारखी धडधड होते. आयुष्य वाया चाललंय असं वाटतं. मी कसला हिशेब देणार?»

वालेकुम अस्सलाम, बहिणी.

त्या बयानात ऐकलंस ते खोटं नाही. तिर्मिजीच्या संग्रहात हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, आहे, की कयामतच्या दिवशी माणसाचे पाय जागचे हलणार नाहीत, जोवर त्याला काही गोष्टी विचारल्या जात नाहीत: आयुष्य कशात घालवलं, ज्ञानाचं काय केलं, पैसा कुठून मिळवला नि कुठे खर्चला, आणि शरीर कशात झिजवलं. हा शेवटचा प्रश्न तू ऐकलास का? सासूबाईंना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवताना तुझी कंबर भरून येते, दिवसातून चारदा चादर धुताना हाताची सालं निघतात. शरीर कशात झिजवलं याचं उत्तर तुझ्याकडे तयार आहे. ज्याच्याकडे ते नाही, त्याने घाबरावं.

तुझी गफलत एकच होते आहे. दिवसाचे सेवेचे तास आणि रात्रीचे मोबाइलचे तास तू एकाच गाठोड्यात बांधलेस आणि सगळ्यावर «वाया» असं लिहून टाकलंस. ते वेगळे कर.

आधी दिवसाचं बोलू. मदिनेत प्रेषितांचे सोबती हजरत सलमान फारसी आपले मानलेले भाऊ हजरत अबू दर्दा यांच्याकडे गेले, तो प्रसंग बुखारीच्या हदीस-संग्रहात आहे. अबू दर्दा दिवसभर रोजे ठेवायचे, रात्रभर नमाजला उभे राहायचे. सलमान यांच्या नजरेत आधी भरली ती त्यांची बायको, साध्या, अवकळा आलेल्या कपड्यांतली. कारण विचारलं तर ती म्हणाली, तुमच्या भावाला या दुनियेचं काही पडलेलं नाही. सलमान यांनी अबू दर्दांना आपल्याबरोबर जेवायला बसवलं. रात्री अबू दर्दा नमाजसाठी उठू लागले तर सलमान म्हणाले, झोपा. पुन्हा उठले, पुन्हा म्हणाले, झोपा. रात्रीचा शेवटचा प्रहर आला तेव्हा म्हणाले, आता उठा, आणि दोघांनी मिळून नमाज पढली. मग सांगितलं, की तुमच्या रबचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या स्वतःचाही हक्क आहे आणि तुमच्या घरच्यांचाही हक्क आहे, ज्याचा त्याला द्या. ही गोष्ट प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानावर गेली तेव्हा ते म्हणाले, सलमान खरं बोलले.

मला ही हदीस फार प्रिय आहे, कारण इबादतीतला वेळसुद्धा घरच्या माणसाचा हक्क मारून घेता येत नाही, हे तिने इतकं स्पष्ट सांगितलं आहे. लग्नाआधी तुझ्या वेळेवर कुणाचा फारसा हक्क नव्हता, म्हणून रोजचा पारा व्हायचा. आज चौघांचा आहे. पारा होत नाही म्हणून तू अल्लाहपासून लांब गेलीस, असा अर्थ कृपा करून काढू नकोस. दहा आयती वाच, पण रोज वाच. अल्लाहला सगळ्यात आवडतं ते अमल जे थोडं असलं तरी नेमाने होतं, ही प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितलेली हदीस तू लहानपणी मदरशात नक्की ऐकली असशील.

आता रात्रीचं. इथे मी तुझी समजूत घालणार नाही. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजच्या, आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं प्रेषितांना (स.) आवडत नसे. मोबाइल म्हणजे त्या गप्पाच आहेत, फक्त समोरचा माणूस कधी थकत नाही. तू का बसतेस तेही मला कळतं. चोवीस तासांत तेवढा एकच वेळ असा आहे जेव्हा तुला कुणी हाक मारत नाही. पण त्यातून विश्रांती मिळत नाही आणि फजर जाते, म्हणजे तुझा हक्कही गेला आणि रबचाही. इशा झाली की मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि साधं गजराचं घड्याळ उशाशी ठेव.

फजरबद्दल एक सांगते, कारण बऱ्याच बायका इथे हार मानतात. अजान कानावर पडली नाही म्हणजे नमाज गेली असं नसतं. आपल्याकडे जूनमध्ये फजरची वेळ पावणेपाचच्या सुमारास सुरू होते, जानेवारीत सहाच्या जरा आधी, आणि सूर्य उगवेपर्यंत ती असते. सव्वा तासाच्या आसपास वेळ हाताशी असतो. तरीही डोळा लागून राहिला, तर जाग येईल तेव्हा पढायची, हीच हदीसची शिकवण आहे. मागे सुटलेल्या फजरांचा अंदाजाने आकडा धर आणि रोजच्या फजरसोबत एक कजा, म्हणजे राहून गेलेली नमाज, पढत जा. कपड्यांच्या पाकीचं (शुद्धतेचं) टेन्शन असेल तर नमाजचा एक गाऊन आणि ओढणी वेगळी ठेव, सासूबाईंच्या खोलीत ती न्यायचीच नाही.

कुराणातल्या सूरह फुरकान या अध्यायात अल्लाह म्हणतो, की ज्याला आठवण ठेवायची आहे किंवा शुक्र करायचा (आभार मानायचे) आहे त्याच्यासाठी मी रात्र आणि दिवस एकामागून एक येणारे केले. जुन्या भाष्यकारांनी याचा अर्थ सांगितला, की रात्री राहिलेलं दिवसा करता यावं आणि दिवसा राहिलेलं रात्री. सही मुस्लिम या हदीस-संग्रहातही आहे, की रात्रीची नेहमीची तिलावत (कुराणपठण) झोपेमुळे राहिली आणि ती फजर ते दुपारच्या जोहरच्या दरम्यान केली, तर रात्रीच केल्यासारखी लिहिली जाते. बयान देणाऱ्यांनी हिशेबाबरोबर हेही सांगायला हवं होतं. नुसती भीती घालून बाईला रात्रभर जागं ठेवण्यात कसली दीनची (धर्माची) सेवा?

तू लिहिलं नाहीस म्हणून विचारते, सासूबाई नमाज पढतात का? शुद्धीवर असतील, कळत असेल, तर त्यांच्यावरही नमाज आहे. उभं राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून, इशाऱ्याने. अडीच वर्षं छताकडे बघत पडलेल्या बाईच्या दिवसाला पाच नमाजांमुळे पुन्हा सकाळ, दुपार, संध्याकाळ मिळेल. वजू, म्हणजे नमाजआधीचं हातपाय-तोंड धुणं, तू करून दे, पाणी सोसत नसेल तर तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी कोरड्या मातीने. मग तुझी जोहर आणि त्यांची जोहर एकाच वेळी होऊ दे.

राहिली सगळ्यात अवघड गोष्ट. सूरह असर तीनच आयतींची आहे. काळाची शपथ घेऊन अल्लाह सांगतो, की माणूस तोट्यात आहे. त्या तोट्यातून सुटतात ते ईमान आणणारे, चांगली कामं करणारे, आणि एकमेकांना सत्याची व सबरची (धीराची) ताकीद देणारे. हे «एकमेकांना» तुझ्या घरात कुठे आहे? सगळे सबर तुलाच शिकवतात. शरीयतने आईची सेवा मुलावर आणि मुलीवर टाकली आहे, सुनेवर नाही. तू करतेस तो तुझा एहसान (उपकार) आहे, त्याचं मोल फार मोठं आहे, पण तो गृहीत धरायचा हक्क कुणाला नाही.

म्हणून या शुक्रवारी मिस्टरांना फोन लाव, मुलं शाळेत असताना. रडून नको, स्पष्ट बोल. रोज चार तासांसाठी रुग्णाची देखभाल करणारी बाई ठेवायची आणि तिचा पगार त्यांनी द्यायचा. नणंदेने आठवड्यातला एक पूर्ण दिवस आईपाशी यायचं, आणि हे बहिणीला भावाने सांगायचं, तू नाही. धडधड थांबत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, बीपी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. सगळ्याच गोष्टी मनाच्या नसतात. मिस्टर काय म्हणाले ते मला कळव. त्यांनी टाळलं, तर गावातल्या कुठल्या वडीलधाऱ्याचा शब्द ते मोडत नाहीत तेही लिही, म्हणजे पुढचं बोलता येईल.