वाचकांचे प्रश्न : मोजक्या खर्चात गेमिंग संगणक

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची विचारणा एकच आहे : हाती रक्कम मर्यादित असताना गेमसाठीच्या संगणकात पैसे नेमके कुठे घालावेत? त्यातील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यात सांगितलेली तपासणी इतरांनाही करता येईल.

प्रश्न : माझ्या संगणकात कोअर आय५-७५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आणि हार्ड डिस्क आहे. नवे गेम अडखळत चालतात. जमवलेल्या पैशांत एक बरे ग्राफिक्स कार्ड येऊ शकेल. बाकी सर्व तसेच ठेवून फक्त कार्ड बदलावे का?

उत्तर : कार्ड पुढेमागे बदलावेच लागेल, मात्र आपली पहिली खरेदी ती नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेममधील प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक स्थिर चित्र, दोन टप्प्यांत तयार होते. पात्रांच्या हालचाली, टकरी, शत्रूंचे वागणे हे सर्व प्रोसेसर ठरवतो आणि काय रेखाटायचे याच्या सूचना कार्डाला देतो. कार्ड त्यानुसार चित्र काढते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि दोघांपैकी ज्याला अधिक वेळ लागतो त्याच्याच गतीने गेम चालतो. त्यामुळे मागे कोण पडत आहे हे ठाऊक नसताना केलेला खर्च पुष्कळदा वाया जातो.

हे शोधण्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत सॉफ्टवेअरने गेम सुरू असतानाच कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाचा) वापर, व्यापलेली रॅम आणि फ्रेमची संख्या पडद्यावर पाहता येते. कार्डाचा वापर सतत ९७ ते ९९ टक्के असेल, तर कार्ड आपल्या ताकदीच्या टोकाला पोहोचले आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेमवर कोणतीही मर्यादा घातलेली नसतानाही त्या कमीच पडत असतील, तर बहुधा प्रोसेसर मागे पडत आहे. खात्रीसाठी रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणावे. पिक्सेलची संख्या सुमारे २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर येते, म्हणजे कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत, तर दोष कार्डाचा नाही. प्रोसेसरचा एकूण वापर ७० टक्के दिसतो म्हणून त्याच्याकडे उसंत आहे असे मात्र समजू नये, कारण एखादी कोअर पूर्ण भरलेली असूनही सरासरीत ते दिसत नाही.

आपल्या पत्रातील ‘अडखळत’ हा शब्द मला तिसऱ्याच शक्यतेकडे नेतो. फ्रेमची सरासरी बरी असून नव्या भागात शिरताना किंवा वेगाने वळताना गेम क्षणभर गोठत असेल, तर ८ जीबी रॅम अपुरी पडत आहे. विंडोज आणि उघडा राहिलेला ब्राउझर त्यातील मोठा वाटा घेतात, उरलेल्या जागेत गेम मावत नाही आणि संगणक हार्ड डिस्कचा आधार घेऊ लागतो. हार्ड डिस्क विखुरलेली माहिती गोळा करण्यात अत्यंत मंद असते. तेथे कितीही भारी कार्ड लावले तरी तेही त्या माहितीची वाट पाहत थांबेल.

म्हणून सर्वप्रथम रॅम १६ जीबी करावी आणि एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरायची, फिरते भाग नसलेली वेगवान साठवण) बसवावी. ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या मदरबोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या योग्य खाचांत बसवल्या, की मेमरी दुहेरी मार्गाने चालते. एकाच पट्टीवर चालणाऱ्या प्रोसेसरला त्याचा निश्चित फायदा होतो. आपल्या पिढीच्या बी२५० किंवा एच२७० चिपसेटच्या बोर्डांवर मेमरीचा वेग २४०० च्या पुढे जात नाही, त्यामुळे वेगवान पट्ट्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. एसएसडी साध्या साटा प्रकारची चालेल. तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट असतो आणि एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या एसएसडीचा त्याच्या कितीतरी पट, पण बहुतेक गेम उघडण्याच्या वेळेत या दोघींमध्ये काही सेकंदांहून अधिक अंतर पडत नाही. खरी झेप हार्ड डिस्क सोडताना मिळते.

त्यानंतरचा विचार जपून करावा. आपल्या प्रोसेसरमध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामे) आहेत, आणि नव्या मोठ्या गेमना ते पुरत नाहीत. त्याच बोर्डावर बसणारा आय७-७७०० आठ थ्रेड देतो. तो जुन्या बाजारात अगदी स्वस्त मिळाला तरच घ्यावा. आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच आकाराच्या सॉकेटचे (बोर्डावर प्रोसेसर बसवण्याच्या जागेचे) असले तरी आपल्या बोर्डावर चालत नाहीत. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची सातवी पिढी जवळजवळ नाहीच, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. या बोर्डावर मोठी रक्कम खर्च करावी असे मला वाटत नाही. ती नव्या बोर्ड आणि प्रोसेसरसाठी साठवावी. एसएसडी तिकडे जाईल, आणि डीडीआर४ (आपल्या रॅमची पिढी) चालणारा बोर्ड निवडल्यास रॅमही जाईल.

तोवर कार्ड घ्यायचेच झाले, तर ते पुढच्या संगणकातही शोभेल असे घ्यावे. आपला बोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, तिसऱ्या पिढीचा आहे. आरएक्स ६५०० एक्सटीसारखी कार्डे त्या मार्गाच्या फक्त चार लेन वापरतात. त्यात त्यांची मेमरी ४ जीबीच असल्याने ती चटकन भरते आणि अरुंद मार्गावरून रॅमकडे धावाधाव सुरू होते. अशा बोर्डावर हे कार्ड बरेच मागे पडते. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० आठ लेन वापरतात, ८ जीबी मेमरी देतात आणि आपल्या बोर्डावर पुष्कळ बरी चालतात. इंटेलची आर्क कार्डे मात्र येथे टाळावीत, कारण रीसायझेबल बार ही (प्रोसेसरला कार्डाची सर्व मेमरी एकदम वापरू देणारी) सोय नसेल तर त्यांची कामगिरी फार घसरते.

प्रश्न : माझ्याकडे बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ २६००, १६ जीबी रॅम आणि आरएक्स ५८० आहे. मित्र म्हणतात, हे सर्व काढून एएम५ या एएमडीच्या नव्या सॉकेटवर जावे. आपला सल्ला काय?

उत्तर : जाऊ नये. एएम५ साठी प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम या तिन्ही गोष्टी एकदम घ्याव्या लागतात आणि कार्डासाठी काही उरत नाही. आपल्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. दोन्ही प्रोसेसरांत सहा कोअर आणि बारा थ्रेड असल्याने फरक काय, असे वाटणे साहजिक आहे. परंतु २६०० मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतील अतिवेगवान मेमरी) ८ मेगाबाइटच्या दोन तुकड्यांत विभागलेली आहे, तर ५६०० मध्ये ३२ मेगाबाइटचा सलग साठा सर्व कोअरना मिळतो, आणि प्रत्येक कोअरही अधिक वेगवान आहे. गेममध्ये हा फरक ठळकपणे जाणवतो. ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी यांची एल३ कॅशे तर ९६ मेगाबाइट आहे. ते रास्त किमतीत मिळाले तर अवश्य घ्यावेत, मात्र त्यांच्यासोबत कूलर येत नाही, हे हिशेबात धरावे.

एक काळजी घ्यावी. बायोस (संगणक सुरू करणारे, बोर्डातच साठवलेले सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच अद्ययावत करावे, कारण जुने बायोस नव्या प्रोसेसरला ओळखत नाही आणि पडदा काळाच राहतो. त्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आपला प्रोसेसर कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते पाहावे. अद्ययावत करताना वीज जाणार नाही, याची खबरदारी घ्यावी. एवढे झाल्यावर उरलेल्या पैशांतून आरएक्स ५८० बदलता येईल.

प्रश्न : मला पूर्ण नवा संगणक जुळवायचा आहे. आत्ता कार्डाविना सुरुवात करून ते वर्षभराने घेतले तर चालेल का?

उत्तर : आपण कोणते गेम खेळता यावर हे अवलंबून आहे. स्पर्धात्मक, हलके किंवा काही वर्षांपूर्वीचे गेम खेळत असाल, तर रायझन ५ ५६००जी किंवा एएम५ वरील ८६००जी यांतील अंगभूत ग्राफिक्स मध्यम-कमी सेटिंगवर वर्षभर निभावून नेईल. हे ग्राफिक्स संगणकाचीच रॅम वापरते, म्हणून येथे एकच पट्टी लावणे म्हणजे मिळणारी ताकद स्वतःहून निम्म्याजवळ आणणे होय. दोन पट्ट्या हव्यातच. रॅम बसवल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय सुरू करावा, नाहीतर ती पाकिटावर छापलेल्या वेगाऐवजी मूळ, कमी वेगाने चालत राहते. पूर्ण किंमत मोजूनही हा एक पर्याय सुरू न केलेले संगणक बरेच आढळतात, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

याची दुसरी बाजूही पाहावी. ५६००जी मध्ये एल३ कॅशे १६ मेगाबाइट, म्हणजे ५६०० च्या निम्मी आहे, आणि कार्डासाठीचा मार्ग तिसऱ्या पिढीचा आहे. वर्षभराने कार्ड लावल्यावरही हा प्रोसेसर ५६०० ची बरोबरी करणार नाही. त्यामुळे दोन-तीन महिन्यांत कार्ड घेणे शक्य असेल, तर थोडे थांबून साधा प्रोसेसर आणि कार्ड एकदमच घ्यावे. थांबणे वर्षभराचे असेल, तर मी एएम५ कडे झुकेन : सुरुवातीचा खर्च अधिक आहे, पण या सॉकेटला किमान २०२७ पर्यंत पाठिंबा देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, त्यामुळे पुढे केवळ प्रोसेसर बदलून भागेल.

कार्डासह जुळवणी करताना मॉनिटर वगळून उरलेल्या रकमेचा सर्वात मोठा हिस्सा, कधी कधी जवळजवळ निम्मा, कार्डावर जावा. रंगीत दिवे, काचेचे भारी कॅबिनेट आणि पाण्याचा कूलर यांनी एकही फ्रेम वाढत नाही. ६५ वॅटच्या प्रोसेसरला साधा हवेचा कूलर पुरेसा असतो.

प्रश्न : कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा पॉवर सप्लाय मिळत आहे. तो वापरून पैसे वाचवावेत का?

उत्तर : कृपया वाचवू नयेत. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात, आणि अशा स्वस्त पॉवर सप्लायवर ५०० हा आकडा ठळक छापलेला असला तरी त्या वाहिनीची क्षमता पुष्कळदा बरीच कमी असते. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून १२ ने गुणावे. आलेली संख्या ही त्याची खरी उपयोगी ताकद. ‘८० प्लस’ हे चिन्ह वीज किती काटकसरीने वापरली जाते एवढेच सांगते. आतील सुटे भाग कसे आहेत किंवा जादा भार आल्यास संरक्षण मिळेल का, हे त्यावरून कळत नाही.

आकडा फार मोठा असण्याचीही गरज नाही. ६५ वॅटचा प्रोसेसर आणि १३२ वॅटचे आरएक्स ६६०० असलेल्या संगणकाला चांगल्या प्रतीचा ४५० ते ५५० वॅटचा पॉवर सप्लाय व्यवस्थित पुरतो. कार्डाचा आठ पिनांचा जोड १५० वॅटपर्यंत वीज वाहतो. तो हार्ड डिस्कच्या जुन्या जोडांवरून अडॅप्टर लावून तयार करू नये. तसेच एका पॉवर सप्लायच्या सुट्या केबल दुसऱ्याला कधीही लावू नयेत. जोड बसतो, पण तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क किंवा मदरबोर्ड क्षणात जळू शकतो.

प्रश्न : वापरलेले कार्ड घेणे धोक्याचे आहे का? ते मायनिंगमध्ये (क्रिप्टो चलन मिळवण्यासाठी सतत चालवून) वापरलेले असल्यास काय?

उत्तर : कमी पैशांत सर्वाधिक फ्रेम वापरलेल्या कार्डातच मिळतात, म्हणून मी त्याला नाही म्हणणार नाही, परंतु चालवून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. मायनिंगमुळे चिप निकामी होतेच असे नाही. झिजतात ते पंखे, आणि थर्मल पेस्ट व मेमरीवरील पॅड कोरडे पडतात. अर्धा तास जड गेम चालवावा, तापमान पाहावे, पंख्यांचा आवाज ऐकावा, पडद्यावर ठिपके किंवा रंगीत पट्टे उमटतात का ते बघावे आणि मागचे सर्व जोड एकेक करून तपासावेत. जीपीयू-झेड या मोफत साधनाने चिपची माहितीही पडताळावी, कारण जुन्या चिपवर बदललेले बायोस टाकून तिला नव्या कार्डाचे नाव दिल्याचे प्रकार घडतात. आरएक्स ५८० घेत असाल, तर शेडरची (चिपमधील छोट्या गणन भागांची) संख्या २३०४ आहे की २०४८ हे अवश्य पाहावे; दुसऱ्या प्रकाराचे कार्ड कमी ताकदीचे असूनही त्याच नावाने विकले जाते.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला, पण काहीच फरक जाणवत नाही. मॉनिटर सदोष असेल का?

उत्तर : बहुधा नाही. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज अनेकदा ६० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलण्यावरच, राहते. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडावे. तो पर्याय तेथे दिसत नसेल, तर जुन्या एचडीएमआय केबलऐवजी डिस्प्लेपोर्टची केबल लावावी, आणि ती मदरबोर्डाला नव्हे, तर ग्राफिक्स कार्डालाच जोडलेली आहे ना, हे संगणकाच्या मागे वाकून पाहावे. त्यानंतरही फरक दिसला नाही, तर गेममधील व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या गतीशी जुळवणारा पर्याय) आणि फ्रेमची मर्यादा बंद करून कार्ड प्रत्यक्षात किती फ्रेम देते ते मोजावे. ती संख्या ६० च्या आसपास असेल, तर पहिल्या उत्तरातील तपासणी आपल्यालाही करावी लागेल.