आयर्लंडच्या रंगभूमीचा, चित्रपटांचा आणि नागरी हक्क चळवळीचा इतिहास कुठे जपला आहे? भारतात बसून अभ्यास करता येईल का?

बराचसा करता येईल. तुम्ही नाट्यशास्त्राच्या प्रबंधासाठी विचारलंय, तरी माझा आग्रह आहे की सुरुवात नाटकापासून करू नका. तिथली माणसं कागदासाठी इतका जीव का टाकतात, हे आधी ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरात कळतं.

३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत कॅथलिक अल्पसंख्याकांच्या नागरी हक्कांसाठीच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. १३ जण त्याच दिवशी गेले, एक जखमी पुढे काही महिन्यांनी दगावला. लगेचच्या दिवसांत नागरी हक्क संघटनेच्या लोकांनी प्रत्यक्षदर्शींचे शेकडो जबाब लिहून घेतले. लॉर्ड विजरी यांच्या सरकारी चौकशीने त्यांची जवळजवळ दखलच घेतली नाही. पण जबाब टिकले. १९९७ मध्ये ते पुस्तकरूपाने लोकांपुढे आले, नव्या चौकशीच्या मागणीला त्यांनी बळ दिलं, आणि पुढच्याच वर्षी सॅव्हिल चौकशी नेमली गेली. तिचा अहवाल १५ जून २०१० रोजी आला, तेव्हा ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. मेलेले हल्लेखोर होते हा सैन्याने लावलेला डाग पुसायला ३८ वर्षं लागली, आणि त्यात त्या हस्तलिखित, टंकलिखित पानांचा वाटा मोठा होता.

माझं सर्वांत आवडतं ठिकाण म्हणजे बेलफास्टचं लिनन हॉल ग्रंथालय, १७८८ पासूनचं. १९६८ मध्ये तिथले ग्रंथपाल जिमी व्हिटी यांना एका बारमध्ये कुणीतरी नागरी हक्क चळवळीचं पत्रक दिलं. त्यांनी ते जपून ठेवलं. मग पत्रकं, भित्तिपत्रकं, बिल्ले, पक्षांची मुखपत्रं जमत गेली आणि संग्रह काही लाखांवर पोहोचला. गावात बॉम्ब फुटत असताना या ग्रंथालयाने रिपब्लिकन (एकसंध आयर्लंड हवं असलेले), लॉयलिस्ट (ब्रिटनशी निष्ठा असलेले), सरकार असं सगळ्यांचं साहित्य शेजारी शेजारी लावलं. यासाठी लागणारी हिंमत मला कुठल्याही मोठ्या इमारतीपेक्षा मोलाची वाटते. याच ग्रंथालयात उत्तर आयर्लंडच्या नाटकांचे कार्यक्रमपत्र आणि जाहिरातीही आहेत. तुम्हाला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली.

चित्रपटाचंही असंच. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीत बंदी मोडून निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. आरटीई या आयर्लंडच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीचे कॅमेरामन गे ओब्रायन यांनी ते टिपलं आणि ती दृश्यं जगभर दाखवली गेली. डब्लिनच्या टेंपल बार भागात आयरिश फिल्म इन्स्टिट्यूटचं फिल्म संग्रहालय आहे. त्यांच्या आयएफआय प्लेअर या ऑनलाइन सेवेवर जुने माहितीपट आणि १९५० च्या दशकात सुरू झालेली आयरिश भाषेतली वृत्तचित्रं घरबसल्या फुकट पाहता येतात. उच्चार कानावर पडावेत म्हणून तरी बघाच.

आता तुमचं नाटक. १९०४ मध्ये उघडलेलं डब्लिनचं अ‍ॅबी थिएटर, म्हणजे आयर्लंडचं राष्ट्रीय नाट्यगृह, १९५१ च्या जुलैत आगीत सापडलं. कंपनी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या छोट्या पीकॉक रंगमंचावर उभी राहिली. आज गॉलवे विद्यापीठाने अ‍ॅबीच्या दप्तराचं डिजिटायझेशन केलंय. २०१२ मध्ये सुरू झालेल्या त्या कामात दहा लाखांहून जास्त पानं आणि इतर वस्तू आल्या. छापील संहिता कुठेही मिळते. तुम्ही प्रॉम्प्टरची प्रत मागा. कुठलं वाक्य कापलं, नट कुठून आत आला, दिवा कधी मंदावला, हे तिच्यातच दिसतं. १९०७ मध्ये जे. एम. सिंग (Synge) या आयरिश नाटककाराच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ या नाटकावर अ‍ॅबीत प्रेक्षकांनी दंगा केला होता. असल्या नाटकाचं पुढच्या निर्मितींत काय झालं, ते अशा प्रतींवरून ताडता येतं. प्रताधिकारामुळे हे साहित्य गॉलवेच्या वाचनकक्षातच बघावं लागतं, पण सूची ऑनलाइन आहे. आधी सूचीतून नेमके संदर्भ क्रमांक काढा, मग त्यांच्या अभिलेखपालांना ईमेल करा. ‘अ‍ॅबीविषयी माहिती हवी’ असं मोघम लिहू नका. निर्मिती आणि वर्ष लिहा.

चळवळीसाठी अल्स्टर विद्यापीठाची ‘केन’ (CAIN) ही वेबसाइट उघडा. घटनाक्रम, कागदपत्रं, भित्तिचित्रांचे फोटो, सगळं मोफत आहे. प्रबंधाचा विषय अजून पक्का नसेल, तर १९६८ ते ७२ या काळात बेलफास्ट आणि डब्लिनच्या रंगमंचांवर काय चाललं होतं, ते केनच्या घटनाक्रमाशेजारी ठेवून पाहा. एवढ्या एका तुलनेतच प्रबंध उभा राहील.