विष झाडाचे की बेडकाचे?

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरील एका रोपवाटिकेतून मी ब्रोमेलियाडच्या दोन कुंड्या आणल्या. या झाडाच्या पानांमध्ये पाणी साचते आणि अमेरिकेतील वर्षावनांत त्याच पाण्यात विषारी बेडूक राहतात, असे वाचल्यापासून घरची मंडळी कुंड्या काढून टाका म्हणून मागे लागली आहेत. बेडकांना विष या झाडापासून मिळते का? असे बेडूक काचेच्या पेटीत पाळता येतील का, असे माझ्या मुलाने विचारले आहे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : कुंड्या काढण्याचे काहीच कारण नाही. ब्रोमेलियाड अननसाच्या कुळातील असून त्याच्या अनेक जाती मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर वाढतात. मात्र बांडगुळाप्रमाणे त्या वृक्षाचा रस शोषत नाहीत. बेडकांना विष या झाडातून मिळत नाही. आपल्याकडचा चामखिळींचा भेक (टोड) डोळ्यांमागच्या ग्रंथींत स्वतःचे विष स्वतः तयार करतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील या रंगीत बेडकांची विषे मात्र मुख्यतः मुंग्या, छोटे भुंगेरे आणि माइट नावाचे कोळ्यांच्या वर्गातील अतिसूक्ष्म जीव खाण्यातून येतात. भक्ष्यातील अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्ये शरीरात न मोडता त्वचेतील ग्रंथींत साठवण्याची क्षमता हे या बेडकांचे वैशिष्ट्य आहे. पेटीत जन्मलेल्या आणि फळमाश्यांवर वाढवलेल्या पिल्लांमध्ये हे विष आढळत नाही, हा त्याचा सर्वांत बोलका पुरावा.

मग झाडाचा संबंध कोठे येतो? तो पिल्लांच्या संगोपनापुरता, पण फार महत्त्वाचा आहे. कोस्टा रिका आणि पनामा येथील ‘स्ट्रॉबेरी’ बेडूक जेमतेम दोन सेंटिमीटरचा असतो. त्याची मादी जमिनीलगतच्या पालापाचोळ्यात अंडी घालते आणि ती फुटल्यावर भैरांना, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लांना (टॅडपोल), पाठीवर घेऊन वर चढते. ब्रोमेलियाडच्या पानाच्या तळाशी, खोडालगत साचलेल्या चमचा-दोन चमचे पाण्यात ती एकेकच भैर सोडते, कारण एकत्र ठेवल्यास ती एकमेकांना खातात. एवढ्याशा पाण्यात खाद्य कुठून असणार? म्हणून दर काही दिवसांनी आई परत येते. भैर तिला पाहताच शरीर ताठ करून थरथरू लागते आणि ती त्याच्यासाठी फलन न झालेली अंडी पाण्यात घालते. या अंड्यांतून आईच्या विषाचा थोडा अंशही पिल्लाला मिळतो, असे संशोधकांना आढळले आहे. बेडकांकडून एवढ्या मातृत्वाची अपेक्षा आपण सहसा करत नाही.

मात्र सगळेच विषारी बेडूक झाडावर राहतात असे नाही. १९७८ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला, कोलंबियाच्या पॅसिफिक किनारपट्टीवरील सोनेरी बेडूक वनाच्या जमिनीवरच वावरतो. तेथील एंबेरा लोक फुंकनळीच्या बाणांची टोके त्याच्या पाठीवर घासत असत. त्याचे बॅट्राकोटॉक्सिन हे विष नसा आणि स्नायूंच्या पेशींत सोडियम आत सोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या मिटू देत नाही. स्नायू आखडतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर ‘नको’ असे द्यावे लागेल. या कुळातील बेडकांचा व्यापार साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली येतो आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्यानुसार करारातील सूचीबद्ध परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंदणी करावी लागते. शिवाय सतत दमट आणि बेताच्या उबदार हवेत राहणाऱ्या या जिवांना पुण्याचा एप्रिल-मे सोसणार नाही.

तुमच्या कुंडीत धोका असलाच तर तो बेडकाचा नसून डासांचा आहे. डेंगी पसरवणारी एडिस मादी अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याजवळ अंडी घालते आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा कुंडी आडवी करून पानांतील जुने पाणी पूर्ण ओतावे, नळाच्या धारेने पानांचे तळ धुवावेत आणि मग थोडे ताजे पाणी भरावे. पावसाळ्यात कुंडी उघड्या गॅलरीत असेल, तर हे काम आठवड्यातून दोनदा करावे.