घरात प्रार्थना सुरू करताय? आधी पाचच मिनिटं

ताई, घरात सगळ्यांची रोजची प्रार्थना आणि थोडा निवांतपणा कसा जमवायचा, असं विचारलंत. पहिल्याच आठवड्यात अर्ध्या तासाची उपासना ठरवू नका. आम्ही नेमकं तेच केलं. चौथ्या रात्री धाकटा टेबलाखाली झोपलेला आणि मी दातओठ खात 'आमेन' म्हणतेय!

सध्या एवढंच सांभाळा:

- वेळ घड्याळाला नाही, रोजच्या कामाला बांधा. रात्रीची भांडी आवरली की बसायचं. फोन दुसऱ्या खोलीत.
- वाचन छोटं. बायबलमधल्या स्तोत्र 117 मध्ये दोनच वचनं आहेत, स्तोत्र 23 मध्ये सहा. मग मार्कचं शुभवर्तमान घ्या. येशूचं जीवन सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान तेच, 16 अध्याय. रोज एकच प्रसंग.
- मुलांना त्यांच्या शब्दांत बोलू द्या. "येशू, उद्या गणिताचा पेपर आहे" एवढीही पूर्ण प्रार्थनाच. मध्ये दुरुस्त्या नकोत.

आणि प्रार्थनेच्या आडून बोलणी तर नकोतच. "देवा, याला खरं बोलायची बुद्धी दे" म्हटलं की मुलांना बरोबर कळतं, बाण कुठे आहे ते.

निवांतपणाचं म्हणाल तर रविवारची दुपार मोकळी सोडा. मंडळीच्या (चर्चच्या) कामांनाही अधूनमधून नाही म्हणा. लूकच्या शुभवर्तमानातल्या 10व्या अध्यायातली मार्था आठवते ना? तिची धावपळ येशूच्याच पाहुणचाराची होती, तरी 'तू फार काळजी करतेस' असं त्याने तिला म्हटलंच.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. नवरा बसत नसेल तर ओढून आणू नका, दार उघडं ठेवा. उपवास, वर्षभरात अख्खं बायबल वगैरे नंतर बघू. महिनाभराने कळवा, कसं चाललंय.